माणसे आदल्या संध्याकाळी सांगा, मासळी सकाळी विचारा

वाचकाचे पत्र:

आम्ही गोव्यातल्या फोंड्यातले आठजण, कॉलेजपासूनचे. दर दोन महिन्यांनी एका रविवारी फेरीबोट ओलांडून पलीकडच्या गावातल्या एका छोट्या खानावळीत जेवायला जातो. तिथे छापील मेनूकार्ड नाही. मोसमात जे मिळेल ते मालकीणबाई रोज सकाळी फळ्यावर खडूने लिहितात. आमची ती फार लाडकी जागा. पण गेल्या जुलैअखेर सगळेच बिनसले. न कळवता दीड वाजता पोचलो. इसवण (सुरमई) मागितली, ती तासाभराने आली आणि कोरडी निघाली. आमच्यातल्या एकाने वाढणाऱ्या मुलाला चारचौघांत सुनावले. दोघांचा श्रावण सुरू झाला होता, त्यांच्या ताटात सुक्या मासळीची किसमूर आली. एका मैत्रिणीला सुंगटांची (कोळंबीची) ॲलर्जी आहे, ती डाळभात खाऊन उठली. शेवटी बिलावरून कुरबुर. आता बाकीचे म्हणतात, एखादे मोठे हॉटेल शोधू. मला ती खानावळ सोडवत नाही. काय करावे?
— एक वाचक, फोंडा

उत्तर:

ताई, खानावळ सोडू नका. मोठ्या हॉटेलात जुलैतही इसवण मिळेल, पण ती ताजी असेल असे नाही. तिथला फ्रीझर मोठा असतो, एवढाच फरक. तुमच्या बहुतेक तक्रारींचे मूळ एकच आहे. आठजण येणार आहेत हे त्या स्वयंपाकघराला ठाऊक नव्हते, आणि मोसम काय चाललाय हे तुम्ही ध्यानात घेतले नव्हते. वाढणाऱ्या मुलाला सुनावणे ही मात्र सरळ तुमच्या गटाची चूक. तिचे काय करायचे ते शेवटी सांगते.

आधी त्या इसवणीचे बघू. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस आपल्याकडे यांत्रिक बोटींना समुद्रबंदी असते. दर्या खवळलेला असतो आणि मासळीच्या विणीचा काळ असतो. म्हणजे त्या दोन महिन्यांत ताटात आलेली इसवण एक तर मे महिन्यापासून बर्फात बसलेली, नाही तर बाहेरून आलेली. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते, त्यामुळे जूनच्या मध्यानंतर तिकडची मासळी ट्रकांतून इकडे येऊ लागते. जुलै २०१८ मध्ये फॉर्मेलिनच्या संशयावरून सरकारने बाहेरची मासळी काही दिवस बंद केली होती, ते तुम्हाला आठवत असेलच. बर्फातली मासळी खाऊच नये असे मी म्हणत नाही. पण गोठताना मांसातल्या पाण्याचे स्फटिक होतात, ते धागे फाडतात, आणि वितळताना तेच पाणी बाहेर येते. अशी तुकडी रव्यात घोळवून तव्यावर टाकली की पाणी सुटते, रवा तुकडीला धरत नाही आणि आतले मांस कोरडे पडते. पुढच्या वेळी ताटात नीट बघा. रव्याचे कवच अख्खे सोलून निघाले आणि खाली ओल दिसली, तर ती तुकडी बर्फातली आहे आणि नीट निथळलेली नाही. ताज्या मासळीचा रवा मांसाला चिकटून तुटतो, मांस पाकळ्यांनी सुटते आणि मधला काटा स्वच्छ निघतो. बर्फातलीच खायची असेल तर ती हुमणात मागा, रश्श्यात ती बरीच सावरते.

जुलैत त्या बाईंना विचारायचे ते नदी-खाडीतले. शेवटे, चणाक, तांबोशी, मानशीवरची (खाडीच्या बांधातल्या दरवाजावर धरलेली) सुंगटे, कुर्ल्या (खेकडे). बिनयंत्राच्या होड्या आणि नदीतली मासेमारी बंदीतही चालू असते, म्हणून थोडेफार ताजे नुस्ते मिळतेच, फक्त ते रोज एकसारखे नसते. शिंपल्यांचा आग्रह मात्र पुराच्या दिवसांत धरू नका. तिसऱ्या, खुबे, शिनाणे हे पाणी गाळून खाणारे जीव. पहिल्या पावसांबरोबर रस्त्यावरचे आणि गटारातले जे काही नदीत उतरते ते सगळे त्यांच्यातून जाते. तिसऱ्या खायच्या तर पाऊस सरून पाणी निवळल्यावर.

आता तो तासभराचा खोळंबा. एका मोठ्या बिडाच्या तव्यावर एका वेळी साधारण सहा तुकड्या बसतात. मध्यम आचेवर दोन्ही बाजू मिळून एक घाणा ८ ते १० मिनिटांचा. आठजणांना दोन-दोन तुकड्या म्हणजे १६ तुकड्या, तीन घाणे, अर्धा तास. तेही दुसरे एकही टेबल नसेल तर. रविवारी दीड वाजता दुसरी पाच टेबले असतात. स्वयंपाकघराला घाई केली की आच वाढवली जाते, रवा बाहेरून करपतो आणि काट्याजवळ मांस कच्चे राहते. म्हणून तळलेले माणशी एकच मागा, आणि पहिला घाणा आला की ज्याच्यापुढे आला त्याने खायला सुरुवात करावी. सगळ्यांचे आल्यावरच खाऊ, हा शिष्टाचार तळलेल्या मासळीला चालत नाही. पाच मिनिटांत रवा मऊ पडतो.

हे सगळे टळते ते दोन फोनांनी. पहिला फोन आदल्या संध्याकाळी, पाच ते साडेसहाच्या दरम्यान करा. दुपारची भांडी तोवर आवरलेली असतात आणि रात्रीची गिऱ्हाईके यायची असतात. या फोनवर मासळीचे नाव काढू नका. उद्या काय येणार हे त्यांनाही माहीत नसते, आणि तुम्ही नाव घेतलेत की ती शोधायची जबाबदारी उगाच त्यांच्यावर पडते. सांगायचे ते तीनच आकडे. किती माणसे, किती वाजता, त्यांत शिवराक, म्हणजे शाकाहारी, किती. ‘फाल्यां आमी आठ जाणां येतलीं, साडेबाराक. दोगां शिवराक.’ बस्स. एवढ्यावर त्या सकाळी किती मासळी उचलायची, किती नारळ फोडायचे, कोणते कडधान्य भिजवायचे ते ठरवतात. आठजणांचे हुमण, सुके आणि सोलकढी म्हणजे पाच-सहा नारळ सहज जातात. ऐन वेळी टपकलेल्या आठ माणसांसाठी हे वाटण येणार कुठून? मग जे आहे त्यातच पाणी वाढते. हुमण पातळ लागले तर त्याचे कारण बहुधा हेच असते.

दुसरा फोन रविवारी सकाळी साडेनऊ ते दहा. बाजार झालेला असतो, मासळी साफ होत असते, वाटण अजून व्हायचे असते. आता विचारा, आज काय आले आहे आणि कशाचे काय करणार. त्या चार नावे सांगतील. त्यांतले एक तळायला, एक सुक्याला, एक हुमणाला, असे तीन प्रकारांत वाटून घ्या, म्हणजे सगळा भार एकट्या तव्यावर पडत नाही. हुमण तासभर आधी होऊन मुरलेले असते, सुके दुसऱ्या चुलीवर होते, तव्यावर फक्त आठ तुकड्या उरतात. कशाचे काय करायचे यात शक्यतो त्यांचेच ऐका. बांगड्याच्या हुमणात तिरफळे पडतात कारण तेलकट मासळीचा उग्र वास ती मारतात. सुंगटांच्या हुमणाला कांदा आणि आंबटाला कैरी किंवा आंबाडे. बांगड्याचे सुंगटांसारखे करा, असली मागणी करू नये. आणि कोणी बाहेरगावचा पाहुणा बरोबर असेल तर तिरफळ चावायचे नसते हे त्याला आधीच सांगून ठेवा, नाही तर जीभ बधिर होऊन पुढच्या जेवणाची चवच जाते.

अकरानंतर फोन करू नका.

काही जिनसा मात्र दोन फोनांतही बसत नाहीत, त्यांना दोन दिवस हवेत. मुगागाठी हवी असेल तर मूग रात्रभर भिजायला हवेत, मग मोड यायला हवेत, मग एकेक दाण्याचे साल काढायला हवे. बांबूचे किल्ल, म्हणजे कोवळे कोंब, बारीक कापून पाण्यात ठेवतात आणि पाणी बदलत राहतात, नाही तर कडवट लागतात आणि बाधतातही. खतखत्याला तूरडाळीबरोबर कणंगे, सुरण, मुळा, कच्ची केळी, नीरफणस, मक्याची कणसे, शेवग्याच्या शेंगा असे सात-आठ जिन्नस लागतात. दोन माणसांसाठी कोणी ते घालत नाही, पण आठजणांसाठी आनंदाने घालतात. मोठ्या गटाचा हा खरा फायदा आहे आणि तुम्ही तो आजवर घेतलेला दिसत नाही.

वेळ साडेबाराची धरा. फळ्यावरचे सगळे प्रकार तेव्हाच हजर असतात. दीडपर्यंत दोन नावे पुसलेली असतात आणि हुमण तळाला गेलेले असते. रविवारी फेरीवर गाड्यांची रांग लागते. खानावळ धक्क्यापासून चालत जाण्याजोगी असेल तर गाड्या अलीकडेच ठेवून पायी चढा. पायी माणसाला रांग नसते. गाडी न्यायचीच असेल तर पावणेबाराला धक्क्यावर असा.

मागवताना एकानेच बोलावे. आठ तोंडे बोलू लागली की चिठ्ठीवर नऊ थाळ्या आणि अकरा तुकड्या होतात. थाळीत भात, हुमण, एखादे सुके, किसमूर, भाजी, लोणचे, सोलकढी आणि एक तळलेले असे बहुतेक ठिकाणी असतेच. त्यावर पुन्हा माणशी एकेक प्लेट मागवली की निम्मे टाकून उठावे लागते, आणि बिलावरची कुरबुर तिथूनच सुरू होते. आठ थाळ्या आणि मध्ये दोन जिनसा, एवढे भरपूर होते. मध्ये घ्यायच्या जिनसांचा अंदाज असा. तिसऱ्यांचे सुके आठजणांत वाटून खायला कवचासकट दीड ते दोन किलो. वजनातले बहुतेक कवचाचेच असते, म्हणून आकडा ऐकून दचकू नका. सुंगटे डोके-सालासकट एक किलो घेतली तर साफ करून अर्धा किलोच्या थोडी वर उरतात, तेवढी सुक्याला पुरतात. अख्खा चणाक सव्वा किलोच्या आसपासचा असेल तर तीन-चारजणांना होतो. तो नगावर आहे की तुकडीवर, हे सकाळच्या फोनवरच विचारून घ्या. मासळीचा भाव रोज बदलतो, त्यामुळे दर विचारण्यात संकोच मानायचे कारण नाही, आणि चांगल्या खानावळीत कोणी त्याचा राग धरत नाही.

कुर्ल्यांवर थोडे जास्त बोलते, कारण पैसे आणि निराशा दोन्ही तिथेच जास्त होतात. कुर्ली वाढण्यासाठी कवच टाकते. नवे कवच मऊ असते तोवर आत मांस कमी आणि पाणी जास्त. बघायची रीत सोपी आहे. कुर्ली उलटी धरायची आणि पोटाकडच्या बाजूला पायांच्या मुळाशी अंगठ्याने दाबायचे. टणक लागले तर भरलेली, अंगठा आत गेला तर पोकळ. शिवाय सारख्या आकाराच्या दोन हातांत धरल्या की जड कुठली ते लगेच कळते. अमावस्येच्या आसपासच्या भरलेल्या आणि पुनवेच्या पोकळ, असा किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना अनुभव आहे, म्हणून तारीख ठरवताना कालनिर्णय बघायला हरकत नाही. त्या बाई सकाळी फोनवर म्हणाल्या की आज कुर्ल्या नकोत, तर तिथेच विषय संपवा. पोकळ कुर्ली विकून त्यांना पैसे मिळालेच असते, तरीही त्या नको म्हणाल्या, याची किंमत ओळखा. आणि कुर्ल्या घेतल्याच तर जेवणाच्या सुरुवातीला घ्या. एक कुर्ली नीट फोडून खायला पंधरा-वीस मिनिटे जातात, दोन्ही हात माखतात, तोवर भात आणि तळलेले दोन्ही निवते.

दर दोन महिन्यांनी जाता तर वर्षाच्या सहा बैठका होतात. त्या कशासाठी जायचे ते आधीच ठरवून घेतले तर इसवणीची आठवणही येणार नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर बांगडे आणि तारले. पावसानंतर त्यांच्यावर चरबी चढलेली असते, नुसते मीठ-हळद-तिखट लावून तळले तरी पुरे. तारल्यांना काटे फार, सवय नसलेल्याला बांगडाच द्या. याच दिवसांपासून मुड्डोशी, लेपे, सौंदाळे आणि खरी ताजी इसवणही. ती डिसेंबरात मागा. जानेवारीत आगशीच्या वांग्यांचे रव्यातले काप, तांबडी भाजी आणि आळसाण्यांचे तोंडाक, म्हणजे रस्साभाजी. आगशीच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण मानांकन नसते तरी हिवाळ्यात तेच मागा. आतून लोण्यासारखे शिजते आणि बिया जाणवत नाहीत.

मार्च-एप्रिलमध्ये ओल्या काजूंची भाजी आणि कैरी घातलेले सुंगटांचे हुमण, मे महिन्यात घोटांचे, म्हणजे रायवळ आंब्यांचे, सासव आणि जेवणावर मानकुराद आंबा. याच दिवसांत हुर्राक असतो. तो काजूच्या रसाचा पहिल्या वाफेचा, फेणीपेक्षा बराच सौम्य, आणि मोसमापुरताच. महिन्या-दोन महिन्यांनी त्याचा वास उतरतो, म्हणून जूनमध्ये कोणी बाटली पुढे केली तर नको म्हणा. सौम्य आहे म्हणून भराभर प्यायला जातो, आणि फेरी ओलांडून परत गाडी हाकायची असते. जो गाडी चालवणार त्याने त्या दिवशी सोलकढीच प्यावी. खानावळीकडे परवाना नसेल तर बाटली घरून नेऊ नका. दंड आणि त्रास त्या बाईंना होतो.

आता जुलै-ऑगस्टची बैठक. माझे स्पष्ट मत आहे की ही बैठक तुम्ही आठहीजणांनी शिवराक करावी. दोघांच्या श्रावणासाठी तडजोड म्हणून करा असे मी सांगत नाही. त्या महिन्यांत आपल्या मातीत जे उगवते त्याच्याइतके ताजे ताटात दुसरे काही नसतेच. तायकिळ्याची कोवळी पाने ओले खोबरे आणि फणसाच्या आठळ्या घालून, तेऱ्याची भाजी, कुड्डुकेची भाजी, फागलांचे काप, किल्लांचे तोंडाक, नीरफणस रव्यात तळलेला, सात शिरांची भेंडी सोले घालून, आणि चवथीच्या आसपास अळू-आंबाडे. यांतल्या कित्येक भाज्या चार-सहा आठवड्यांच्याच असतात. तायकिळा तर जूनच्या पहिल्या पावसांनंतर लगेच खायचा. पुढे पाने जून आणि उग्र होतात, तोवर तुमची बैठक येत असेल तर त्याचा हट्ट नको. अळू, तेरे आणि लुती यांना खाज असते, कारण पानांत आणि देठांत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या कण्या असतात. म्हणून ती भरपूर शिजवतात आणि आंबाडे, चिंच किंवा सोलांशिवाय करत नाहीत. घसा खवखवला तर आंबटाला किंवा शिजवण्याला कमी पडले असे समजावे आणि शांतपणे सांगावे.

रोयणीची अळमी (रानातले मशरूम) फळ्यावर दिसली तर आधी भाव विचारा. ती वाळवीच्या वारुळावर आपोआप उगवतात, लावून येत नाहीत, पानांच्या पुडीतून मोजून विकली जातात, म्हणून महाग. एक पुडी आठजणांना चाखण्यापुरती पुरते. अभयारण्यातून ती खुडायला मनाई आहे, तेव्हा कुठून आली हे विचारणेही रास्तच. ती नसतील तर त्यांच्याऐवजी कुठली तरी रानची अळमी आणून करा, असा आग्रह चुकूनही धरू नका. विषारी अळमी रंगावरून किंवा वासावरून ओळखू येतेच असे नाही.

मिश्र बैठक असेल तेव्हा शिवराक माणसांसाठी तीन गोष्टी स्पष्ट बोलाव्या लागतात. थाळीत किसमूर आपोआप पडते, ती आधीच वगळायला सांगा. ती सुक्या सुंगटांची किंवा सुक्या बांगड्याची असते, वर खोबरे असल्याने कोशिंबिरीसारखी दिसते आणि पटकन तोंडात जाते. नीरफणसाचे, वांग्याचे काप मासळीच्याच तव्यावर होतात. वेगळा तवा आहे का विचारा, नसेल तर तळलेले सोडून तोंडाक आणि भाजीवर जेवा. आणि पळ्या वेगळ्या ठेवा असे सांगा. श्रावण कडक पाळणाऱ्याला नुसते ‘नुस्ते घातले नाही’ एवढे पुरत नाही. तो सारखा संशय मनात ठेवून जेवणार असेल तर त्याला मिश्र बैठकीला ओढू नका.

सुंगटांच्या ॲलर्जीचा प्रश्न याहून गंभीर आहे, तो आवडीनिवडीत मिसळू नका. आपल्याकडे सुंगटे भाजीतही पडतात. भेंडी, दोडकी, कोबी, तवसे, वाल, कशातही चवीपुरती चार सुंगटे घालायची पद्धत आहे, आणि वाढताना ती काढून टाकली तरी रस उरतोच. किसमुरीत गाळमो, म्हणजे सुकवलेली बारीक सुंगटे, असू शकतो. सुंगटे तळलेल्या तेलातच पुढची मासळी तळली जाते. म्हणून संध्याकाळच्या फोनवर तीन आकड्यांबरोबर चौथे वाक्य बोला: एकीला सुंगटे अजिबात चालत नाहीत, अंगावर येते, जिवावर बेतू शकते. ‘चालत नाहीत’ एवढेच म्हटले तर शिवराकसारखे समजले जाते, पुढचे शब्द उच्चारायलाच हवेत. तिच्यासाठी पहिल्या घाण्यात, स्वच्छ तव्यावर, ताज्या तेलात बांगडा तळून घ्या. ते सगळ्यांत सोपे. सुंगटे बाधणाऱ्या बऱ्याचजणांना कुर्ल्याही बाधतात, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिने त्या चाखू नयेत. डॉक्टरांनी दिलेले औषध पर्समध्ये हवे, आणि ते कुठे आहे हे शेजारी बसणाऱ्याला ठाऊक हवे. फेरीपलीकडच्या गावातून दवाखान्यापर्यंत पोचायला वेळ जातो.

बिलाचे थोडक्यात. घरून निघतानाच माणशी ठरावीक रक्कम एकाकडे जमा करा, पिणाऱ्यांचे बिल वेगळे मागा, उरले तर पुढच्या बैठकीला. खेडेगावात नेटवर्क ऐन वेळी जाते, आठजण आठ मोबाइल पुढे करून उभे राहण्यापेक्षा एकाने रोख द्यावे. वाढणाऱ्याला बक्षिसी द्यायची ती त्याच्या हातात, वेगळी. उरलेले बांधून घ्यायचे तर भाजी, तोंडाक, तळलेली मासळी घ्या, आणि दोन तासांत घरी पोचून फ्रिजमध्ये ठेवा. मे महिन्याच्या उन्हात तासाभरातच. सोलकढी बांधून नेऊ नका, नारळाचे दूध वाटेतच आंबते.

राहिला तो मुलगा. वाढणाऱ्याच्या हातात ना मासळीचा ताजेपणा असतो ना तव्याची गती. तो फक्त निरोप नेतो आणि बोलणी खातो. ज्याने सुनावले त्यानेच जायला हवे. तुम्ही आठजणांनी मिळून ‘सॉरी’ म्हणणे पुरेसे नाही, आणि पुढच्या बैठकीत गर्दीत म्हटलेले तर नाहीच. तुम्ही दोघांनी एखाद्या बुधवारी जावे. त्या दिवशी मासळी बऱ्यापैकी येते आणि रविवारची झुंबड नसते. बारा-सव्वाबाराला दोन साध्या थाळ्या घ्याव्यात, फळ्यावर जे असेल ते. जेवून झाल्यावर, बिल देण्याआधी, तुमच्या मित्राने त्या मुलाला जवळ बोलावून सरळ शब्दांत सांगावे, ‘त्या दिवशी मी तुला बोललो ते चुकले, तुझा काही दोष नव्हता.’ कारणे देऊ नयेत, भूक लागली होती वगैरे. मग मालकीणबाईंना विचारा, आठजण यायचे तर त्यांना कोणता रविवार आणि कोणती वेळ सोयीची, आणि फोन कोणत्या वेळी केलेला चालेल. मी वर दिलेल्या वेळा बहुतेक खानावळींना लागू पडतात, पण त्यांची वेगळी असेल तर त्यांचीच खरी. त्यांचा नंबर तुमच्या आणि आणखी एकाच्या मोबाइलमध्ये असू द्या, म्हणजे तुम्ही नसाल त्या महिन्यातही शनिवारचा फोन चुकणार नाही.